रीतसर तक्रार

“हो, मारलं मी तिला,” उज्वलाबाई म्हणाल्या. “काल दुपारी. छडीनं, पाठीवर.”

मुख्याध्यापक अहिरे सरांचा चहाचा कप हातातच राहिला. बाईंच्या बचावासाठी त्यांनी सकाळपासून चार वाक्यं जुळवून ठेवली होती. ती आता वाया गेली.

समोर शेखर गांगुर्डे उभा होता, तिसरीतल्या वेदिकाचा बाप. दिंडोरीच्या द्राक्षबागांमध्ये त्याचा फवारणीचा ट्रॅक्टर चालायचा आणि वस्तीवर त्याचा शब्दही चालायचा. काल शाळा सुटल्यावर बाईंनीच त्याला फोन करून आपण वेदिकाला मारल्याचं सांगितलं होतं. आज शाळा भरायच्या आत तो चार माणसं घेऊन हजर झाला. त्यातला एक मोबाइलवर व्हिडिओ काढत होता, बाकीचे माना डोलवायला होते.

“ऐकलं ना सगळ्यांनी?” शेखर त्यांच्याकडे वळला. “गल्लीतल्या बाया मलाच इचारत्यात, पोरीच्या मानेवर वळ कशाचा म्हणून. आता कळलं? गुरासारखं मारती ही बाई!”

वेदिका दाराला टेकून उभी होती. अहिरे सर तिच्यापुढे वाकले. “बाळ, बाईंनी मारलं का गं तुला?”

पोरीनं आधी बापाकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

“तिला काही विचारायचं नाही,” बाई करड्या आवाजात म्हणाल्या. “मी सांगतेय ना.”

शाळेतली कुठलीही भानगड चहा आणि माफीच्या पलीकडे जाऊ द्यायची नाही, हा अहिरे सरांचा सव्वीस वर्षांचा बाणा होता. “शेखरभाऊ, बाई माफी मागतील. आपसात मिटवून टाकू,” ते म्हणाले.

“मी तरी कुठं वाईट माणूस हाय?” शेखर लगेच नरमला. “सगळ्यांसमोर माफी मागू द्या, इषय संपला.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “लेकराला मारणं हा गुन्हा आहे. त्यासाठी कायदा आहे. माफीवर मिटवायचं नाही. तुम्ही रीतसर तक्रार करा, मी तुमच्याबरोबर पोलीस ठाण्यात येते.”

माना डोलवणारे डोलवायचं विसरले. जिच्यावर आरोप तीच तक्रारीचा हट्ट धरून बसली आहे, असा प्रकार वस्तीवर कुणी पाहिला नव्हता.

“कशाला एवढं?” शेखर चुळबुळला. “फवारणी चालू हाय माझी.”

“म्हणजे तुमच्या पोरीला कुणी मारलं तर चालतं तुम्हाला?”

मोबाइल चालूच होता. शेखरबरोबर आलेले बहिरूकाका वयानं सगळ्यांत मोठे. त्यांना राहवलं नाही. “शेखर, आपल्या लेकीचा सवाल हाय. बाई सोता म्हणत्यात, तर होऊन जाऊ दे.”

आता चारचौघांत माघार घ्यायची कशी? शेखरनं छाती पुढे काढली. “चला मग! सोडत नाय मी हिला!”

पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक भाग्यश्री पगारे होत्या. त्यांनी शेखरची तक्रार लिहून घेतली, त्याला वाचून दाखवली, त्याची सही घेतली. मग म्हणाल्या, “आता मुलीची वैद्यकीय तपासणी.”

“ती कशाला? बाईला कबूल हाय ना सगळं.”

“कबुली वेगळी, पुरावा वेगळा. तक्रार तुमची आहे ना?”

“बरोबर बोलत्यात मॅडम,” बहिरूकाका म्हणाले. “पुरावा पाहिजेच.”

शेखरनं त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. काका मात्र रंगात आले होते. सरकारी दवाखान्यात वेदिकाला तेच बोटाला धरून घेऊन गेले.

डॉक्टरबाई आणि भाग्यश्री मॅडम पोरीला आत घेऊन गेल्या. शेखर मागोमाग निघाला, तेव्हा मॅडमनी त्याला दारातच थांबवलं. मूल बोलत असताना घरच्यांनी आत यायचं नाही, असा नियम होता. “बाप हाय मी तिचा,” तो म्हणाला. दार बंद झालं.

व्हरांड्यात बाकावर अहिरे सर बाईंच्या कानाशी लागले. “अहो, निलंबित व्हाल. आणि कुणासाठी, तर त्या पोरीसाठी? ना कुणाशी बोलत, ना खेळत. शाळेत आरोग्य तपासणीला डॉक्टर आले की नेमकी गैरहजर. अजून वेळ आहे, चुकून कबूल केलं म्हणा.”

“नाही म्हणणार.”

“नोकरी जाईल बाई!”

“जाऊ दे.”

बाईंना भीती वाटत होती, खूप वाटत होती. अकरा वर्षांची नोकरी होती, घरी सासू-सासरे होते, आणि तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत तालुकाभर फिरणार होता. पण काहीही झालं तरी इथून उठायचं नाही, हे त्यांनी कालच, फोन करायच्या आधी, ठरवलं होतं. त्या बंद दाराकडे बघत बसून राहिल्या. शेखर दोनदा उठला, दोनदा दारापर्यंत जाऊन परत आला.

पाऊण तासानं दार उघडलं. भाग्यश्री मॅडमचा चेहरा पार बदलला होता. उज्वलाबाई उभ्या राहिल्या. पण मॅडम त्यांना ओलांडून सरळ शेखरपुढे जाऊन थांबल्या.

“गांगुर्डे, कमरेचा पट्टा काढा आणि इथं टेबलावर ठेवा. बकलाचे वळ आहेत तिच्या पाठीवर. काही जुने व्रण तर दोन महिन्यांपूर्वीचे.”

मोबाइलवाल्यानं मोबाइल खाली घेतला. बहिरूकाका शेखरपासून दोन पावलं लांब सरकले.

मग मॅडम बाईंकडे वळल्या. “पोरगी म्हणते, तुम्ही तिला कधी बोटसुद्धा लावलं नाही. मग हा खोटा गुन्हा अंगावर का घेतलात?”

“नाहीतर त्यांनी तिची पाठ कुणाला बघू दिली नसती.”