गाठ मारलेला दोन

मतमोजणीच्या हॉलमध्ये मास्तरच्या शाळेतली मतपेटी उपडी झाली. कठड्याला रेलून तो पाहू लागला. मतपत्रिकेवर नावांपुढे पसंतीचे आकडे होते. त्याच्या नावापुढे दोनच दोन. शेपटीला गाठ मारलेला तो दोन अख्ख्या गावाकडून त्यानेच गिरवून घेतला होता. “रागावू नकोस रे,” त्याचा दोस्त मलाची म्हणाला. आयर्लंडच्या त्या गेलिक फुटबॉलची फायनल जिंकल्यावर यानेच मास्तरला खांद्यावर बसवून गावभर नाचवलं होतं. “सगळ्यांना वाटलं, तू काय, निवडून येणारच! म्हणून पहिली पसंती त्या बिचाऱ्या गुरांच्या डॉक्टरला दिली.” “बिचारा? तो जिंकतोय, गाढवा!” तेवढ्यात वेगळाच दोन दिसला: बदकासारखी मान, खाली सरळ रेघ. हा शाळेतला नव्हता. हा घरच्या कॅलेंडरवर पेनने केलेल्या नोंदींत दिसायचा. मास्तरने वळून पाहिलं. बायकोने मिरवणुकीसाठी आणलेली त्याची जुनी जर्सी छातीशी धरली होती. “मलाही वाटलं,” ती म्हणाली, “तू येणारच.”