डबीतली पुस्तकं

टेबलावर नुसती वायर होती. काल गुरुजींनी तिला साबणाच्या डबीएवढा संगणक जोडला होता. इगतपुरीजवळच्या या पाड्यावर रेंज नाही. इंटरनेटशिवाय मुलांच्या मोबाइलवर पुस्तकं त्यातूनच उघडणार होती. अर्ध्या तासात शिक्षण खात्याचे साहेब पाहायला येणार, आणि डबी गायब! वर्गाची किल्ली खिचडी शिजवणाऱ्या सुमनबाईंकडेच असायची. “कुणाला विकलीत?” गुरुजी कडाडले. “तुम्हाला पुस्तकांचं काय कळणार!” सुमनबाईंनी तांदळाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून डबी बाहेर काढली. “मागल्या पावसात पोरांची पुस्तकं बुरशीनं गेली, गुरुजी. म्हनलं, ही तरी कोरडी राहतील.” गुरुजींनी वायर जोडली. लाल दिवा लागला. बऱ्याच वेळानं हिरवा लुकलुकला. मोबाइलवर पहिलीचं पुस्तक उघडलं. त्यांनी मान खाली घालून मोबाइल पुढे केला. सुमनबाईंनी आधी पदराला हात पुसले, मगच पानाला बोट लावलं.