ह्यांचं तोंड

"अजून उघडा," डॉक्टर उल्का म्हणाल्या, आणि अल्लाबक्षनं असा आ वासला की पार घशापर्यंत सगळं दिसावं. दातांच्या दवाखान्यातली ती आडवी खुर्ची, डोळ्यांवर दिवा, तोंडात आरसा. एरवी मार्केट यार्डात याच तोंडाचा दबदबा. गाळा लसणाचा, पण लोक जमायचे ते त्याचे टोमणे ऐकायला. आज त्याची बोलायची सोय नव्हती. बोलत होती त्याची बायको, मदिनाबी.

"ह्यांचं तोंड आलंय हो," ती पदर मुठीत धरून सांगत होती. "दोन महिने झाले, जातच नाही. वैद्यांचा गुलकंद झाला, औषधाच्या दुकानातली ट्यूब झाली. जो तो म्हणतो उष्णता, सब्जा प्या. शेजारच्या सरोजिनीताई म्हणाल्या, तोंडासाठी दातांच्या डॉक्टरकडे जावं. मी म्हटलं, दात तर धड आहेत की. पण आता मला भीती वाटायला लागलीय."

अल्लाबक्षला हसू येत होतं. जिभेच्या टोकाला एक फोड आला होता, हे खरं. पण ट्यूब लावली आणि तो केव्हाच बसला. त्यानं हे दहादा सांगून पाहिलं. बायकोचं आपलं एकच, वरून बरं दिसतं, आत असतं. घरात तिखट बंद. तीही त्याच्या जोडीनं दुधात कुस्करलेली भाकरी खायची. एवढी माया बघून त्याला बरं वाटायचं, आणि ठेच्याच्या आठवणीनं वैतागही यायचा. आज सकाळी ती रडायलाच लागली, तेव्हा कुठे तो गाळा बंद ठेवून आला.

"झोंबतं कुठे?" डॉक्टरांनी विचारलं.

"डाव्या गालाला, आतून. अगदी मागच्या दाढेपाशी. पाणीसुद्धा झोंबतं."

डॉक्टरांनी डावा गाल नीट पाहिला. "इथे तर काहीच नाही. तोंड उघडायला त्रास होतो?"

"होतो ना. दोन बोटंसुद्धा आत जात नाहीत."

डॉक्टरांनी समोरच्या उघड्या जबड्याकडे पाहिलं. त्यात अख्खी मूठ गेली असती.

"तंबाखू?"

"छे हो! तंबाखूला शिवत नाहीत. सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात तेवढीच, दात घासायला."

"अहो, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच."

अल्लाबक्षनं आरसा बाजूला सारला आणि तो खो खो हसला. "डॉक्टर, हिचं काही ऐकू नका. मी जन्मात कधी मिश्री लावली नाही. मिश्री तर ही..."

हसू तिथंच थांबलं. त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं पदर तोंडाशी नेला होता. त्याला ती दुधातली भाकरी आठवली. तो खुर्चीतून खाली उतरला.

"बस," एवढंच म्हणाला.

मदिनाबी बसली. तोंड जेमतेम बोटभर उघडलं. डॉक्टरांनी आरसा तिरका करून कसाबसा आत घातला, दिवा जवळ ओढला आणि डाव्या गालात बराच वेळ पाहत राहिल्या. मग हातमोजे काढता काढता म्हणाल्या, "तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. आजच." त्यांना रागही आला होता. "दोन महिने हे अंगावर काढलंत? निदान घरात कुणाला सांगायचं तरी!"

"सांगितलं होतं की ह्यांना," मदिनाबी अर्ध्या तोंडानं म्हणाली. "म्हटलं, माझं तोंड आलंय. हे म्हणाले, बरं झालं, आता घर जरा शांत राहील."