उस्तादाचं नाव

"हात खाली घे आधी!" जमादार सायकलवरूनच ओरडले.

फकीर मोहम्मदनं हात खाली घेतले. शेजारी पुंजाजी पाटलांनीही घेतले. दुसरबीडच्या रस्त्याकडेला फकीरचं जोड्यांचं दुकान होतं. त्यामागच्या लिंबाखाली दोघं रोजच्यासारखे उभे होते. गुडघे किंचित वाकलेले, हात रांजण कवेत घेतल्यासारखे, श्वास पार बेंबीखाली. दोन चांगले संसारी बाप्ये सकाळी सकाळी झाडाखाली न हलता, न बोलता उभे राहतात, हे गावाच्या अंगवळणी पडलं होतं. 'चिनी कसरत' हे नावही गावानंच गमतीनं ठेवलं होतं. पण आता सरहद्दीवर चीनशी लढाई पेटली होती. हॉटेलातल्या रेडिओला माणसं कान लावून बसत होती. आणि कोण्या भल्या माणसानं ठाण्यात जाऊन सांगितलं होतं, की आमच्या गावात एकजण चिनी कवायत शिकवतो.

"कलकत्त्याले होता म्हने तू? चिन्याच्या दुकानात?"

"हो साहेब. जोडे शिवत होतो."

"अन् हे सोंग? हेबी तिथूनच आनलं काय?"

फकीरच्या तोंडचं पाणी पळालं. तिथूनच आणलं होतं. दुकानाचा मालक लियांग चाचा. त्यानं फकीरला जोडा शिवायला शिकवला आणि उभं राहायलाही. ताकद दंडात ठेवली की वाया जाते, ती पोटात मुरवावी लागते, असं तो मोडक्यातोडक्या हिंदीत सांगायचा. शिकवण्याबद्दल त्यानं काही घेतलं नाही. फक्त एक अट घातली. उभं राहण्याआधी शिकवणाऱ्याचं नाव घ्यायचं, आणि कोणी विचारलं तर ते लपवायचं नाही. आपल्याकडे तालमीत उस्तादाचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. ती रीत फकीरनं आपल्या पदरची जोडली. रोज सकाळी तो पाळी धरून 'लियांग चाचा' म्हणायचा आणि त्याच्यामागून पुंजाजीही म्हणायचे.

पुंजाजी का नाही म्हणणार? दम्यानं ते खाटेला खिळले होते. बैलगाडीत चढायचं म्हटलं तरी छाती भात्यासारखी वाजायची. याच उभं राहण्यानं त्यांना उठवलं होतं. त्यांची बायको मनकर्णाबाई सणावाराला पहिलं ताट फकीरच्या घरी पाठवायची. म्हणून तर फकीरनं आता मोठ्या आशेनं पुंजाजींकडे पाहिलं. पाटलांच्या शब्दाला वजन होतं. 'साहेब, हे औषध हाय, मी याच्यानंच वाचलो,' एवढं बोलले तरी पुरे होतं.

पुंजाजी पुढं झाले.

"कोन म्हन्ते चिनी? आपल्या ऋषीमुनींचं हाय हे, जमादारसाहेब. माह्या आज्यानं मले शिकवलं, अन् म्या याले."

जमादारांचा आवाज एकदम खाली आला. ते फकीरकडे वळले.

"खरं काय बे?"

आदल्याच दिवशी रेडिओवर सांगत होते, कलकत्त्यातल्या चिनी लोकांना धरून दूर कुठं छावणीत नेताहेत. चाचा या घडीला कुठल्या गाडीत बसला असेल, कोण जाणे. आणि इथं त्याचं नाव घ्यायचं की गिळायचं, हे फकीरला ठरवायचं होतं. घेतलं तर ठाणं. शिवाय आपल्यासाठी खोटं बोललेल्या माणसाला तोंडघशी पाडायचं. दुकानाच्या दारात सरवरी उभी होती, त्याची बायको. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हो साहेब," फकीर म्हणाला. "पाटलांनीच शिकवलं."

ज्या ताटात जेवलो त्यातच थुंकलो, असं त्याला वाटलं. जमादार मात्र निर्धास्त झाले. त्यांनी पाटलांना रामराम केला आणि ते निघून गेले.

इतका वेळ लांब उभी राहिलेली माणसं आता जवळ आली. उकंडराव शिंपी सगळ्यांत पुढं. "पाटील, एवढी इद्या जवळ हाय अन् कधी सांगतलं नाही! आमालेबी शिकवा न."

"या उद्या सकाळी," पुंजाजी म्हणाले. "सगळेच या."

फकीरला हसू येता येता राहिलं. पाटील सोंग छान वठवताहेत, असंच त्याला वाटलं. त्याचं मन त्या माणसाबद्दलच्या मायेनं भरून आलं होतं. आपल्यापायी या माणसानं अंगावर संकट ओढवून घेतलं. खोटं बोलला, पण जीव वाचवला. चाचानंही माफ केलं असतं.

माणसं पांगली. सरवरी आत गेली. लिंबाखाली पुन्हा दोघंच उरले.

"पाटील, तुमी होते म्हनून वाचलो," फकीर म्हणाला. "चला, पहिल्यापासून उभे राहू. मोडलं मधातच."

त्यानं कानाची पाळी धरली आणि हलक्या आवाजात नाव घेतलं. मागून आवाज आला नाही. पाहतो तर पुंजाजी त्याच्या शेजारी नव्हतेच. रोज फकीर जिथून शिकवायचा, त्या जागेवर ते लिंबाला पाठ करून उभे होते. गुडघे वाकवले होते, हात उचलले होते.

"पाटील, आता कोनी नाही इथं. नाव तं घ्या उस्तादाचं."

पुंजाजींनी हात खाली घेतले नाहीत. श्वास संथ चालला होता, कुठं घरघर नाही.

"तुमी घ्या न, फकीरभाई," ते म्हणाले. "आत्ता साहेबापुढं घेतलं, तेच घ्या."