प्रार्थनेचा विषय

“दीनाबाई, तुमचा प्रार्थनेचा विषय?” अध्यक्षबाईंनी विचारलं आणि प्रमिलाबाईंचा जीव टांगणीला लागला. काल दारू पिऊन स्टँडवर पडलेल्या त्यांच्या मुलाला, रूबेनला, दीनाबाईंनीच रिक्षात घालून घरी आणलं होतं. गेल्या वर्षी चर्चच्या याच महिला सभेत “प्रार्थनेसाठीच सांगते हं” म्हणत प्रमिलाबाईंनी दीनाबाईंच्या नवऱ्याचं पिणं चव्हाट्यावर आणलं होतं.

“माझ्या गुडघ्यासाठी प्रार्थना करा,” दीनाबाई म्हणाल्या.

“आणि काल रिक्षातून कुणाला आणलंत?” एकीने विचारलं.

“त्या रिक्षातून उतरतानाच तर मुरगळला.”

सगळ्यांनी डोळे मिटले. प्रमिलाबाईंनी मात्र एक डोळा किलकिला करून पाहिलं. साडीवरून सूज काही कळेना.

सभा संपल्यावर पायऱ्यांवर त्यांनी हळूच विचारलं, “गुडघा खरंच दुखतोय?”

“तर काय. तुमचा रूबेन भलताच जड.”

“मग सांगितलं का नाहीत? मी तर तेव्हा तुमचं सगळं...”

“प्रभूला रात्रीच सांगितलं. त्याला पुन्हा मंडळाकडून कशाला कळवायचं?”

प्रमिलाबाईंनी खांदा पुढे केला. दीनाबाईंनी त्यावर सगळा भार टाकला.