कढईतला भात
गुडघ्याच्या ऑपरेशनआधी आठ किलो उतरवा, असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हापासून सरिता महिनाभर पथ्यानं खात होती. दुकानातल्या महागड्या ओट्सऐवजी तिनं घरची ज्वारी भरडून कण्या शिजवल्या, अंबाडीची भाजी बिनतेलाची केली, ताकावरचं लोणीसुद्धा लेकीला दिलं. तरी आज वजनकाटा दीड किलोनं वरच गेलेला! "या काट्याले आग लागो," म्हणत तिनं तो पायानं पलंगाखाली सरकवला आणि तणतणत ओट्यापाशी आली. नवऱ्याच्या ताटात अर्धी पोळी उरली होती आणि कढईला भरल्या वांग्यांचा तेलकट मसाला चिकटलेला होता. इतका मसाला मोरीत सोडायला तिचा जीव होईना. तिनं त्यातच पोळी कुस्करली अन् उरलेला भात कालवला. "आई, हे काय खाऊन राह्यली?" लेक दारातून ओरडली. "मी कुठं खाऊन राह्यली?" घास गिळत सरिता करवादली, "कढई पुसून राह्यली!"