सत्तर अंशांचा खडक

वायोमिंगच्या माळावरच्या एका कमरेएवढ्या खडकाचे थर सत्तर अंशांनी कललेले. तेवढ्यावर प्रोफेसर थॉर्सन यांनी अख्खा डोंगर उलथल्याचा सिद्धांत मांडून जगभर हार घालून घेतले होते. दरवर्षी विद्यार्थ्यांनी तिथला कल मोजायचा. दुसरा आकडा आणणारा नापास.

डेलियाची पदवी याच मोजणीवर अडली होती आणि तिला येत होते बासष्ट.

"बासष्ट? अगं, हातात कोनमापक आहे की पॅनकेकचं उलथणं? आपली खेचरं तुझ्यापेक्षा बरी मोजतील!"

फणकारत प्रोफेसर आले. गवतात पडलेला चपटा दगड त्यांनी उचलला आणि खडक खांद्याने रेटून त्याच्या बुडाखाली सरकवला.



"दरवर्षी कुणीतरी गाढव याला टेकतं आणि पाचर निसटते. हं, आता मोज!"